पिवळा ठिपका

“हिची किक बसवायची राहिली का काय?” भीमराजनं विचारलं.

शोरूमच्या चकचकीत फरशीवर तो गाडीच्या उजव्या बाजूला उकिडवा बसला होता. उकिडवं बसायला त्याला मनाई होती. मनाई करणारी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे त्याची मुलगी मिनल, त्याच्या पाठीशीच उभी होती. पण ती गाडीचा रंग फोनमधल्या फोटोशी ताडून बघत होती, म्हणून तेवढं खपून गेलं.

विक्रेत्या मुलाच्या छातीवर ‘संघर्ष’ अशी पाटी होती. तो वाकून म्हणाला, “नाही सर, ह्या मॉडेलला किक येत नाही.”

“ह्या डिस्प्लेच्या गाडीला?”

“कुठल्याच गाडीला नाही सर. ओन्ली सेल्फ. बटण दाबायचं, गाडी चालू.”

भीमराजनं इंजिनाच्या कडेवरून बोट फिरवलं. किकचा दांडा जिथं बसतो तिथं काही नव्हतं. भोक बुजवलंय, वर टोपण लावलंय, असंही नव्हतं. झाकण इतकं गुळगुळीत होतं की तिथं कधी काही असायचं, हे सांगितलं तरी कुणाला खरं वाटलं नसतं.

“बॅटरी उतरली तर?”

“उतरत नाही सर.”

“उतरली तर म्हणतोय मी.”

“ॲपवर रिक्वेस्ट टाकायची. आपला माणूस घरी येतो.”

“तो येऊन काय करतो? किक मारतो?”

संघर्ष हसला. गिऱ्हाईक विनोद करतं तेव्हा हसायचं, हे त्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलं असावं. हा विनोद नाही, हे ओळखायचं ट्रेनिंग अजून झालेलं नव्हतं.

“पप्पा, किक नाही हेच तर चांगलंय,” मिनल म्हणाली. “आणि उठा आधी तिथून.”

भीमराज गाडीच्याच पायदानाला धरून उठला. गुडघा नेहमीसारखा वाजला. मग संघर्षनं बाकीचा बदल समजावून सांगितला. मीटर आता आकड्यांचा झाला होता. फोन चार्ज करायला जागा होती. दिवा पांढरा झाला होता, सीट चार बोटं लांब झाली होती आणि टाकीवरचे पट्टे आडवे होते ते तिरके झाले होते. किकचा उल्लेख त्या यादीत नव्हता. जे काढून टाकलं ते यादीत येत नाही.

“जुन्या मॉडेलवाल्यानं ही घ्यावी असं काय आहे हिच्यात?” भीमराजनं विचारलं. हा प्रश्न गेले सहा महिने लोक त्याला विचारत होते. आज पहिल्यांदाच त्यानं तो दुसऱ्याला विचारला.

“सर, तुम्ही तर सप्लायरच्या योजनेतून बुक केलीय,” संघर्ष म्हणाला. “तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.”

---

भीमराज कांबळे चोवीस वर्षं चाकणला एका कारखान्यात कामाला होता. तो कारखाना मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवायचा, आणि भीमराजच्या लाइनवर ह्या एकाच गाडीचा एकच भाग व्हायचा. किक. पायानं मारायचा तो वाकडा दांडा. अकरा माणसं तो वाकवायची, घासायची, त्याला चकाकी द्यायची. शेवटी तो तपासनिसाच्या टेबलावर यायचा. किकच्या डोक्याला आतून दाते असतात, ते इंजिनाच्या दांड्यावर बसतात. त्या दात्यांत तपासनीस मापाचं गेज घालून बघतो. गेजची दोन टोकं असतात. एक आत गेलं पाहिजे आणि दुसरं आत जाता कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास. माणसांसाठी असं गेज निघालं नाही हे बरंच आहे.

पास झालेल्या किकच्या डोक्यावर आतल्या बाजूला तपासनीस रंगाचा एक ठिपका द्यायचा. पुढंमागं तक्रार आलीच तर माल कुणाच्या हाताखालून गेला ते कळावं म्हणून. तपासनीस दोन होते. भीमराजचा ठिपका पिवळा. दुसऱ्या शिफ्टच्या अनिसचा हिरवा. किक इंजिनावर बसली की ठिपका आत झाकला जायचा आणि पुन्हा कुणालाही दिसायचा नाही. पण भीमराजला दिसायचा. नाशिक फाट्याच्या सिग्नलला उभा राहिला की तो आजूबाजूच्या किका बघायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, दोनातली एक माझी. दोन हजार दहा साली त्यानं स्वतः हीच गाडी घेतली. तेव्हा शोरूममध्ये रांगेत सहा गाड्या उभ्या होत्या. तो एका गाडीपाशी थांबला आणि म्हणाला, ही. का, ते सांगितलं नाही. हिच्यावर आपलाच ठिपका आहे असं त्याला वाटलं होतं, आणि पंधरा वर्षं ते वाटणं टिकलं.

त्या गाडीचा सेल्फ पहिल्याच पावसाळ्यात मेला. भीमराजनं तो दुरुस्त केला नाही. किक आहे की, म्हणाला. गाडी चार-पाच किकांत सुरू व्हायची. दिवसातून चार वेळा. उजव्या गुडघ्याचं त्यातच वाटोळं झालं. मिनलनं एकदा त्याचा एक्स-रे तिच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवला, तेव्हा त्यांनी विचारलं, पेशंट काय काम करतात? मिनल म्हणाली, क्वालिटीत आहेत.

तिची फी किकांनी भरली होती आणि किकांनी मोडलेला गुडघा आता ती फुकटात बघत होती. हा हिशेब घरात कुणी बोलून दाखवला नाही.

आता गाडीच्या कागदांना पंधरा वर्षं होत आली होती. पुन्हा पासिंग करा, नाहीतर गाडी काढा. मिनलनं पहिल्या पगारवाढीतून नव्या गाडीचं बुकिंग करून टाकलं. भीमराजनं करू दिलं. नवी गाडी घ्यायला त्याची हरकत नव्हतीच. उलट ह्या गाडीचा त्याच्याएवढा प्रचार मोशीपासून चाकणपर्यंत दुसऱ्या कुणीही केला नसेल.

त्याचं असं झालं. सहा महिन्यांपूर्वी लाइनचं काम एकदम निम्म्यावर आलं. चाकणमध्ये त्याची भीती कुणाला वाटत नाही. मॉडेल बदलायच्या आधी जुन्या मालाची मागणी उतरते आणि मग नव्याची दुप्पट होऊन येते, हे तिथं चहावाल्यालासुद्धा ठाऊक असतं. साहेबांनी गेटजवळ सगळ्यांना गोळा करून सांगितलं, नवीन मॉडेल येतंय, पुरवठादारांच्या कामगारांना सवलत आहे, आपल्या माणसांनी आपली गाडी घ्यावी. गाडी खपली की किक खपणार. ह्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. लाइनवरच्या अकराच्या अकरा जणांनी गाडी बुक केली. कुणी मेहुण्याला भरीला घातलं, कुणी घरमालकाला. भीमराजनं चौदा जणांना सांगितलं, जुनी घेऊ नका, थांबा, नवी येतेय. चौदाही थांबले.

गाडी मात्र कुणीच बघितली नव्हती. जाहिरातीत तिच्यावर एक पिळदार तरुण बसला होता आणि त्याचा बूट नेमका किकच्या जागेवर होता. अकरा जणांनी तो फोटो मोठा करकरून बघितला. सगळ्यांचं एकमत झालं की बुटामागं किक आहे.

---

मोशीत भीमराजची बिल्डिंग जिथं होती तिथं पूर्वी सोनबाचा ऊस होता. आता जमिनीच्या बदल्यात मिळालेले चार फ्लॅट सोनबाच्या नावावर होते आणि तो दिवसभर गेटाशी खुर्ची टाकून बसायचा. पिकाकडं बघायची सवय होती, आता पार्किंगकडं बघायचा.

“आलासा व्हय गाडी बघून?” सोनबानं विचारलं. “कशी हाय?”

“बरी आहे.” भीमराजनं गाडी स्टँडला लावली. मिनल वर निघून गेली.

“बरी म्हंजी? तुमीच तर म्हनलात एक नंबर हाय म्हून. मी दोन सांगितल्यात. दोन पुतनं, दोन गाड्या. येकाला घिऊन दिली आन् येकाला न्हाई, तर घरात राडा व्हतो.”

“तात्या, एक सांगायचं होतं. तिला किक नाही.”

सोनबानं डोक्यावरची टोपी काढली, खाजवलं, पुन्हा घातली.

“न्हाई म्हंजी?”

“काढून टाकली. नुसतं बटण आहे.”

“बरं मंग बरंच की. तुमच्या गाडीवानी रोज सकाळी धा मिन्टं थयथयाट नगं. आमी वरनं बघतो न्हवं, तुमचं चालू असतंय ते.”

“तसं नव्हे. किक आम्ही करतो ना. आमच्या कंपनीत.”

“व्हय, ठावं हाय की.”

“गाडीला किक नसली तर आम्ही काय करायचं?”

सोनबा विचारात पडला. त्यानं आयुष्यात खूप गोष्टी काढून टाकलेल्या बघितल्या होत्या. ऊस, विहीर, बांध, बैल, शेवटी गाव. सांत्वन कसं करायचं ते त्याला येत होतं, फक्त त्याचा नमुना एकच होता.

“कायतरी दुसरं करत्यात मंग,” तो म्हणाला. “बिल्डिंगी बांधा.”

भीमराज हसला नाही, म्हणून सोनबानं खुर्ची जरा पुढं ओढली. “मी बुकिंग काढू का माघारी? तुमच्यासाठनं काढतो. पुतनं शिव्या द्येत्याल, दिऊंद्यात.”

“नका काढू.”

“का?”

गाडी चांगली होती, हे खरं होतं. गुडघा असलेल्या कुठल्याही माणसानं ती घ्यावी अशीच होती.

---

सोमवारी शिफ्ट बदलायच्या वेळी त्यानं अनिसला गाठलं. एकाची शिफ्ट सुटायची तेव्हा दुसऱ्याची सुरू व्हायची. त्यामुळं चोवीस वर्षांत दोघं एका टेबलावर एकत्र कधी बसले नव्हते. भेट व्हायची ती पार्किंगमध्ये. भीमराज गाडीला, आणि ही गाडी यायच्या आधी जुन्या स्कूटरला, किक मारत राहायचा आणि गाडी सुरू होईपर्यंत अनिस पलीकडं उभा राहायचा. त्यांची सगळी ओळख ह्या चार-पाच किकांच्या मधल्या जागेत झाली होती. अनिसचं लग्न, भीमराजच्या आईचं जाणं, अनिसच्या मुलीला, अल्फियाला, बारावीला किती पडले, मिनलला कॉलेज कुठलं मिळालं, हे सगळं दोन किकांच्या मध्ये बोललं गेलं होतं.

भीमराजनं पहिली किक मारली. “बघून आलो काल गाडी.”

“मग? कशीय?”

दुसरी किक. “किक नाही तिला.”

“मस्करी नको करू राव.”

“बुटामागं काही नाही, अनिस. साफ आहे.”

अनिसनं फोन काढला, जाहिरातीचा फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि त्या बुटाकडं बराच वेळ बघत राहिला. आता तरी तो पाय हलेल अशी काही आशा असावी.

“म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून,” तो म्हणाला, आणि थांबला. “मी पाच जणांना घ्यायला लावली, भावा. सासऱ्यांना पण. ते घेत नव्हते. मी म्हटलं, अब्बा, आमच्या पोटाचा सवाल आहे, घ्या.”

तिसरी किक. गाडी फुरफुरली आणि बंद पडली.

“साहेबांना विचारू,” भीमराज म्हणाला.

साहेबांनाही दहा दिवसांपूर्वीच कळलं होतं. ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मोठी कंपनी मागते तो भाग द्यायचा. गाडी कशी असणार हे ती आपल्याला दाखवत नाही, कागदावर फक्त भागाचा नंबर येतो. ह्या वेळी नंबर आला नाही. आपल्याला वाटलं उशीर होतोय.

“पण तुम्हीच म्हणाला होतात, सर, आपली गाडी घ्या,” अनिस म्हणाला.

“मी पण घेतलीय,” साहेब म्हणाले.

मग साहेबांनी पुढचं सांगितलं. रस्त्यावर जुन्या गाड्या लाखांनी आहेत, त्यांना सुटी किक लागत राहणार. लाइन बंद होणार नाही, फक्त दोन माणसांवर येईल. एक मशीनवर आणि एक तपासायला. बाकीच्यांना गुजरातच्या प्लँटला जायचं असेल तर जागा आहे, नाहीतर हिशेब. तपासनीस दोघांतला कोण ठेवायचा ह्याला नियम आहे. मागून आलेला आधी जातो.

भीमराज जूनमध्ये लागला होता. अनिस ऑक्टोबरमध्ये.

“सर, माझा गुडघा गेलाय,” भीमराज म्हणाला. “त्याला ठेवा.”

“बसून काम आहे, भीमराज.”

“मी लिहून देतो.”

“तुम्ही लिहून दिलंत तर तुमची जागा रिकामी होईल. ती त्याला मिळेल असं नाही. वरून एक माणूस कमी झाला म्हणून आनंदच होईल.” साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोघांसाठी चहा मागवला. चहा आला तोवर बोलायचं संपलेलं होतं, तरी तिघांनी तो प्यायला.

---

अनिसनं बुकिंग रद्द केलं. त्यावर फोनवर संदेश आला: आपण आमच्या परिवाराचा भाग आहात, आपला अनुभव कसा वाटला ते कळवा. पाचपैकी किती तारे. अनिसनं चार दिले. सवय होती. पाच तो मालालाही कधी द्यायचा नाही.

भीमराजनंही घरी विषय काढून बघितला.

“रद्द करू म्हणता?” मिनल भात वाढता वाढता थांबली. “का?”

“जुनी चालतेय की अजून. पासिंग करून घेऊ.”

“पप्पा, मी रोज तीस लोकांचे गुडघे बघते. त्यांच्यातल्या निम्म्यांना मी सांगते, हे करू नका, ते करू नका. कुणी ऐकत नाही. एक तरी गुडघा माझ्या घरातला आहे, तो तरी ऐकेल म्हणून मी गाडी घेतेय. तुम्ही ऐकणार नसाल तर तसं सांगा.”

“अनिसचं काम जाणार,” भीमराज म्हणाला.

मिनलनं वाढणं खाली ठेवलं. अनिसकाकांना ती लहानपणापासून ओळखत होती. ईदला शीरखुर्म्याचा डबा पार्किंगमध्येच दिला जायचा, किक मारता मारता.

“मग तुम्ही गाडी नाही घेतली तर राहील का त्यांचं काम?”

ह्याचं उत्तर भीमराजला माहीत होतं. गेले पंधरा दिवस तेच उत्तर तो वेगवेगळ्या बाजूंनी तपासून बघत होता. प्रत्येक बाजूनं ते पास होत होतं.

“नाही,” तो म्हणाला आणि जेवायला लागला.

गाडी दसऱ्याला मिळणार होती. मुहूर्तासाठी भीमराजला दसरा नको होता. त्याच्या घरी तो दिवस वेगळ्या कारणानं मोठा, आणि त्या दिवशी तो पांढरे कपडे घालून विहारात जायचा. पण शोरूमवाल्यांचा हट्ट दसऱ्याचा, आणि त्या दिवशी हेल्मेट फुकट. खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा झाली. लाइनवर झेंडूच्या माळा घातल्या, गेजलाही हळदकुंकू लागलं. दरवर्षीप्रमाणं भीमराज आणि अनिस कडेला उभे राहिले आणि दरवर्षीप्रमाणं दोघांनी पेढा घेतला. लाइनवर पाचच माणसं उरली होती, त्यामुळं पेढे भरपूर होते.

त्याच संध्याकाळी भीमराज पाना घेऊन पार्किंगमध्ये उतरला. जुनी गाडी दुसऱ्या दिवशी बदलीत जायची होती.

“काय करतायसा?” सोनबानं खुर्चीवरून विचारलं.

“किक काढतोय.”

“द्यायच्या गाडीची? पैसं कमी करत्याल की.”

“करू द्या.”

एकच बोल्ट होता. पंधरा वर्षांत तो गंजून धरला होता, म्हणून थोडं तेल सोडून वाट बघावी लागली. मग किक निघाली. भीमराजनं ती फडक्यानं पुसली. बाहेरून तिची चकाकी गेली होती, पावलाखालचं रबर झिजून एका बाजूला कललं होतं. त्यानं ती उलटी केली आणि डोक्याच्या आतल्या बाजूचं काळं तेल अंगठ्यानं बाजूला केलं.

ठिपका होता. जिथं असायला हवा तिथंच, कालच दिल्यासारखा. हिरवा.

भीमराज तिथंच उकिडवा बसून राहिला. रांगेतल्या बाकीच्या पाच गाड्या सोडून ह्या गाडीपाशी तो थांबला होता. पंधरा वर्षं, दिवसातून चार वेळा, चार-पाच किका, तो अनिसची किक मारत होता. आणि अनिस समोर उभा राहून बघत होता.

“काय झालं?” सोनबा म्हणाला. “मोडली का?”

“नाही,” भीमराज म्हणाला. “चांगली आहे.”

---

महिनाअखेरीला अनिसचा शेवटचा दिवस होता. भीमराजनं त्या दिवशी शिफ्ट बदलून घेतली. तशी आता शिफ्ट एकच होती आणि दोघं एक दिवसाआड आळीपाळीनं यायचे, त्यामुळं बदलण्यासारखं फारसं नव्हतं, पण अर्ज करावा लागला. किक त्यानं डब्याच्या पिशवीत घातली होती. गेटवर वॉचमननं पिशवी उघडली, आत बघितलं आणि गोंधळला. कंपनीचा माल बाहेर नेताना सापडला तर काय करायचं ह्यासाठी वही होती. कंपनीचा माल बाहेरून आत आणला तर काय लिहायचं, ते कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं पिशवी परत दिली.

दोघं पहिल्यांदाच एका टेबलाशी बसले. भीमराजनं फडक्यातून किक काढून अनिससमोर ठेवली, ठिपका वर करून.

अनिसनं आधी ठिपक्याकडं बघितलं, मग झिजलेल्या रबराकडं.

“तुझ्या गाडीची?”

“हं.”

“मला वाटलं तुझीच असेल.”

“मला पण.”

अनिसनं चष्मा पुसला, डोळ्याला लावला आणि गेज उचललं. एक टोक दात्यांत घातलं. गेलं. गेज फिरवलं आणि दुसरं टोक लावलं. जरा जोर दिला. नाही गेलं.

“पास आहे,” तो म्हणाला. “तेव्हा लोखंड बरं यायचं.”

त्यानं मार्कर हलवला, टोपण काढलं आणि जुन्या हिरव्या ठिपक्याशेजारी नवा हिरवा ठिपका दिला. मग मार्कर खाली ठेवून भीमराजकडं बघितलं. भीमराजनं खिशातून आपला मार्कर काढला. शेजारी एक पिवळा दिला. दोन तपासनिसांनी एकच माल पास करायची पद्धत कारखान्यात नव्हती. अनिसनं रंग वाळेपर्यंत फुंकर घातली आणि ती काळी किक तयार मालाच्या क्रेटमध्ये, चकचकीत किकांच्या ओळीत, नीट बसवून ठेवली. त्या दिवशी लाइनवर साठ किका झाल्या. रजिस्टरमध्ये अनिसनं एकसष्ट लिहिलं आणि सही केली.

शिफ्ट सुटल्यावर दोघं पार्किंगमध्ये आले. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक मिनलनं काढू दिलं नव्हतं. सर्व्हिसिंगपर्यंत राहू द्या, म्हणाली होती. भीमराजनं हेल्मेट घातलं. अनिस नेहमीच्या जागी, गाडीच्या पलीकडं उभा राहिला. त्याच्या हातात डबा आणि एक पिशवी होती. पिशवीत टेबलाच्या खणातलं सामान होतं.

“सांग मग,” अनिस म्हणाला.

भीमराजनं मान हलवली. बोलायचं बरंच होतं. कुठून सुरू करावं ते ठरवायला त्यानं सवयीनं गाडीला हात घातला आणि अंगठ्यानं बटण दाबलं.

गाडी लगेच सुरू झाली.